वाळूचा खड्डा रिकामा ठेवू नये

जुलैच्या भर दुपारी आमच्या किनाऱ्यावर नवखा माणूस आला की आधी दचकतो. वाळूत ओळीनं मुंडकी मांडून ठेवलेली दिसतात. एकावर फाटकी छत्री, एकावर ओला टॉवेल, तिसरं जांभई देतंय. मग त्यातलंच एक मला विचारतं, "अनीपा, चहा आणतेस ना?" आणि नवखा दोन पावलं मागे सरतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही किंचाळले होते, पण ते मी कोणाला सांगत नाही.

हा आमचा पिढीजात धंदा. सांधे धरलेली, कंबर गेलेली, बाळंतपणात थंडी भरलेली माणसं कुठून कुठून येतात. आम्ही त्यांना इसिक-कूल सरोवराच्या तापलेल्या वाळूत गळ्यापर्यंत झाकतो, घामानं डबडबली की बाहेर काढतो, घोंगडीत गुंडाळून झोपवतो आणि मीठ घातलेला दुधाचा चहा पाजतो. रस्त्यापलीकडच्या आरोग्यधामातली डॉक्टरीणबाई लोकांना सुया टोचते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचे गुडघे घेऊन गुपचूप आमच्याकडे येते. औषध उन्हाचं आणि वाळूचं. हात मात्र माझ्या सासूचा.

सासू म्हणजे तोतुया अपा. अंगानं चिमणी, जिभेनं वस्तरा. त्यांचे नियम मोजके, पण मोडले की खैर नाही. खड्डा खुडूक कोंबडीच्या घरट्यासारखा उथळ आणि वेडावाकडा हवा. माणसाचे गुडघे दुमडलेले हवेत, त्याला सरळ निजवायचं नाही. तो उठला की खड्डा तिथल्या तिथे बुजवायचा, घोटभर पाणी प्यायलाही जायचं नाही.

"असं का हो, अपा?" मी एकदा विचारलं होतं.

"आपण माणसं भाजतो, पुरत नाही," त्या म्हणाल्या. "वाळूला हा फरक कळत नाही, केलिन. तो आपण ठेवायचा असतो."

केलिन म्हणजे सून. आमच्याकडे सुनेला म्हातारी होईपर्यंत सासरी नाव नसतं.

त्या वर्षी माझी थोरली बहीण आली. उमसुनाय तिचं नाव, मी तिला एजे म्हणते. आई आजारी असायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं ते तिनंच, आणि शिव्याही तिनंच शिकवल्या. अख्ख्या पंचक्रोशीत तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. धार काढताना ती गायची, तेही इतकं बेसूर की गाय लाथ मारायची, मग ती गाईलाच म्हणायची, "तुला काय कळतंय गं गाण्यातलं?" अशी ही बाई लेकीच्या, मेरिमच्या जन्मानंतर लवकर उठली, ओढ्याच्या बर्फाच्या पाण्यात कपडे धुतले आणि सांधे धरून बसली. हळूहळू पाय जे आखडले ते पुन्हा सरळ झालेच नाहीत. नवरा कामासाठी रशियात. डॉक्टरांच्या सुया झाल्या, बिज्जूची चरबी चोळून झाली, ताज्या कापलेल्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळून झालं. मेरिम दुडुदुडू धावायला लागली तरी ही गोधडीवरच.

आमच्यात पहिलं नातवंड आजीआजोबांनी वाढवायची चाल आहे, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. एजेची सासू मात्र तिला नीट बोलली होती. "जर्दाळू वाळवून पोत्यात भरेपर्यंत वाट बघते. तोवर उभी राहिलीस तर पोर तुझी. नाहीतर मी नेते. पळणारं पोर पडलेल्या बाईनं कसं सांभाळायचं, तूच सांग." बाई वाईट असती तर एजेनं तिला आडवी घेतली असती. पण त्या म्हातारीचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्याला शिवी लागू पडत नाही.

ती आली त्या सकाळी नेमके अपा आणि माझा नवरा बैशेन शेजारच्या गावी कोणा मयताच्या वर्षाच्या जेवणाला गेलेले. मेंढी कापली की परतायला दुपार उलटणारच. एजेला एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं मागच्या फळीवरून ताडपत्रीसकट उतरवलं, मेरिमला माझ्या कडेवर दिलं आणि तो गेला.

"बघतेस काय? पूर मला," एजे म्हणाली.

"अपा येऊ देत, एजे. खड्डा त्याच काढतात."

"तोवर ऊन उतरेल. तुझी सासू काय सोन्याच्या फावड्यानं खणते? वाळू तीच, मी तीच. दोन वर्षं वाट बघून बघून माझ्या ढुंगणाला घट्टे पडलेत."

शेजारच्या मुंडक्यांना हसू फुटलं. काराकोलहून आलेली एक जाडजूड नानवाली होती, तिच्या हसण्यानं वाळू हलली.

तेवढ्यात जुमाली आके पुढे आले. हे माझे थोरले दीर. आमच्याकडे तळलेले बोरसोक खायला आले होते आणि खाऊन सावलीला पाय पसरून बसले होते. गावातल्या कबरी तेच खणतात. स्वभावानं लोण्यासारखे, कोणाचं काम अडलं की यांचा जीव राहत नाही.

"खड्डाच ना?" ते म्हणाले. "त्यात माझा हात कोण धरणार?"

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी फावडं उचललंही. इकडे ओळीतल्या एका ड्रायव्हरला घेरी आली म्हणून मी त्याच्या तोंडावर पाणी मारत होते. वळून पाहिलं तर काम झालेलं. आकेंचा हात खरंच सुरेख. कडा सुरीनं नानची वडी पाडावी तशा सरळ, तळ सपाट, वरची तापली वाळू एका बाजूला आणि खालची ओली दुसऱ्या बाजूला. ताडपत्रीवर पडलेल्या एजेच्या शेजारी फावड्याचा दांडा ठेवून त्यांनी टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेतलं होतं. डोकं उत्तरेला, तोंड जरासं पश्चिमेकडे कलतं. आयुष्यभर ज्यांच्यासाठी खणलं त्यांच्यासाठी खणायची जी रीत, ती हातानं आपसूक पाळली होती. मी पोचले तेव्हा एजे आत सरळ निजलेली होती आणि आके तिच्यावर वाळू सारत होते.

दोन वर्षांत तिचे पाय सरळ झाले नव्हते. त्या खड्ड्यात ते सरळ होते.

"अगं बाई," एजे म्हणाली. "हे तर गादीपेक्षा बरं."

मला बरं वाटायला हवं होतं. पण इतर मुंडक्यांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि हिचं कपाळ कोरडं ठाक. मी हात लावला तर गार, माठासारखं. छातीवरची वाळू श्वासाबरोबर चिरते, पुन्हा मिटते. आम्ही त्यावरूनच आतला माणूस ठीक आहे हे ओळखतो. हिच्यावरची वाळू हलत नव्हती.

"पोळत नाही का गं, एजे?"

"नाही. दुखतच नाही काही." ती सावकाश बोलत होती, आणि ती सावकाश कधी बोलत नसे. "खालून कोणीतरी पाय चेपतंय. हात गार आहेत, पण चेपतंय छान."

मेरिम माझ्या कडेवरून उतरली, आईजवळ गेली, वाकली आणि आईच्या तोंडाला नाही तर वाळूला कान लावून बसली. मी तिला ओढून घेतलं. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू.

"पुरे झालं, काढा आता," मी आकेंना म्हटलं.

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी वाळू उपसायला लागलो. एक ओंजळ काढली की दोन आत घसरत. कडा तर आकेंनी इतक्या घट्ट बांधल्या होत्या, तिथून एक कण पडत नव्हता. वाळू येत होती ती कुठून, कळत नव्हतं. एजेच्या हनुवटीपर्यंत होती ती खालच्या ओठाला लागली.

"राहू दे गं," ती डोळे मिटून म्हणाली. "किती दिवसांनी बरं वाटतंय."

"एजे, मेरिम बघतेय."

"कोण?" ती म्हणाली.

तेव्हा आकेंच्या तोंडावरचा रंग उतरला. आपण काय खणलंय ते त्यांना त्या शब्दासरशी कळलं. ते मोटारसायकल काढून अपांना आणायला धावले. मी तिथेच एजेच्या ओठांवरची वाळू बोटानं काढत बसले आणि तिला एकामागून एक प्रश्न विचारत राहिले. गाईचं नाव काय, आपल्या आईचं नाव काय, तुझ्या सासूला तू पाठीमागे काय म्हणतेस. शेवटच्याला ती किंचित हसली. म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा विचारलं.

अपा आल्या त्या जेवणाच्या पांढऱ्या ओढणीतच, मागोमाग बैशेन. एजेकडे पाहण्याआधी त्यांनी खड्ड्याची कड पाहिली.

"माप घेतलंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

पन्नाशीचा माणूस खाली मान घालून म्हणाला, "हाताला सवय, अपा."

"जित्या माणसाला निजवून दांडा लावलास. अरे गाढवा, गावात कबर खणली आणि मेलेला दुसरीकडे पुरायचं ठरलं तर काय करतोस?"

"रिकामी ठेवत नाही. ओंडका पुरतो. नाहीतर ती मालक शोधते."

"मग? हिला नुसती ओढून काढलीस तर हा खड्डा काय तुझ्या तोंडाकडे बघत बसेल? आधी बदली आत गेली पाहिजे, मग ही बाहेर. आणि बदली तिला पटली पाहिजे."

तिला म्हणजे वाळूला. अपांनी मला गोठ्यातलं वाळकं गवत आणायला पाठवलं. छत्रीवर टांगलेला एजेचा निळा झगा आम्ही गवतानं ठासून भरला. आकेंनी त्याच दांड्यानं त्याचं माप घेतलं आणि कमी पडलं तिथे पेंढी जोडली. अपांनी एजेच्या वेणीचं टोक कापून बाहुलीच्या डोक्याच्या जागी शिवलं. तोंडानं शिव्या देत त्या टाके घालत होत्या. मग एजेच्या शेजारी हात घालून घालून जेमतेम जागा केली आणि बाहुली तिला चिकटून आत निजवली.

"आता विचार," अपा आकेंना म्हणाल्या. "नेहमी विचारतोस तसं."

आमच्याकडे मयताला माती देण्याआधी जमलेल्यांना विचारतात, हा माणूस कसा होता. सगळ्यांनी उत्तर द्यायचं असतं. आके उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली, आणि त्यांचा तो कबरस्तानातला आवाज भर उन्हात, टॉवेल आणि छत्र्या आणि थर्मासच्या मधोमध निघाला.

"लोकहो, ही उमसुनाय कशी बाई होती?"

कोणी बोलेना. कोण बोलणार? ती तर तिथेच होती, डोळे मिटून ऐकत.

"बोला की मेल्यांनो," अपा दबक्या आवाजात म्हणाल्या. "पटवायचंय ना तिला."

मग नानवालीचं मुंडकं म्हणालं, "चांगली होती." ड्रायव्हर म्हणाला, "चांगली होती." आणि ओळीच्या त्या टोकापर्यंत एकेक मुंडकं, हलता येत नाही, मान वळवता येत नाही, समोर पाण्याकडे बघत म्हणत गेलं, चांगली होती, चांगली होती. आकेंनी पुन्हा विचारलं. पुन्हा सगळी बोलली. अपांनी माझ्या दंडाला चिमटा काढला, तेव्हा मीही म्हटलं. माझ्या जिवंत बहिणीसमोर मी म्हटलं, चांगली होती.

वाळू सैल झाली. धान्याचं पोतं उसवल्यासारखी ती एकदम खाली बसली. बैशेननं आत उतरून तिला काखेत धरून वर घेतलं आणि माझ्याकडे चमकून पाहिलं. "काहीच वजन नाही गं हिला," तो पुटपुटला. आके आणि अपा हात आणि फावडी मिळेल त्यानं खड्डा बुजवत सुटले. आणि माझी बहीण बैशेनच्या हातातून सुटून उभी राहिली. पाय झटकले. मग सरळ चालत पाण्यापर्यंत गेली आणि तोंड धुतलं.

दोन वर्षांनी. मी तोंडावर ओढणी दाबून रडले, आनंदानंच. मुंडक्यांनी मात्र त्या दिवशी मला लवकर काढ, लवकर काढ म्हणून घाई केली.

संध्याकाळी अपांनी घरच्यांना बसवून बजावलं. उमसुनाय मातीत गेली. ते नाव आजपासून कोणी घ्यायचं नाही, हाकेला नाही, भांडणात नाही, स्वप्नातही नाही. हिचं नाव तुर्सुन. आमच्यात ज्यांची मुलं जगत नाहीत ते असं नाव ठेवतात; त्याचा अर्थ, राहू दे.

तुर्सुन राहिली. जर्दाळू वाळायला घातले तेव्हा आमच्या छपरावर चढून तिनंच पसरले. तिची सासू पोरीला न्यायला आली तर फाटकापर्यंत चालत सामोरी गेली, वाकून नमस्कार केला, उजव्या हातानं चहा दिला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेरिमसाठी आणलेला नवा कोट तिनं तिथेच ठेवला आणि एकटी परत गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या बहिणीची जीभसुद्धा सुधारली गं. वाळूनं तीही भाजून काढली वाटतं."

सगळी हसली. मला हसू आलं नाही.

कारण ती शिवी देत नव्हती. धार काढताना गात नव्हती आणि गाय लाथ मारत नव्हती. जे विचारावं त्याचं गोड उत्तर देई, पण स्वतःहून काही विचारत नसे. बाकी घरकाम सगळं करी, चुलीजवळ मात्र येत नसे. ते तेवढं तू बघ अनीपा, म्हणे. तिचे हात गार असत. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत नसे. आणि कितीही न्हाली तरी तिच्या केसांना गोठ्याचा वास यायचा, वाळक्या गवताचा.

मी अपांजवळ विषय काढला. त्या लोकर पिंजत होत्या, पिंजतच राहिल्या.

"चालते ना?" त्यांनी विचारलं.

"चालते."

"पोर तिच्याकडे जाते ना?"

"जाते."

"मग तुला काय हवंय?"

मला माझी बहीण हवी होती. पण ते कोणत्या तोंडानं म्हणायचं? ती तर अंगणात पोरीच्या वेण्या घालत बसलेली होती.

ऑक्टोबरात माणसं येईनाशी झाली. वारा सुटला. एका दुपारी मी किनाऱ्यावर छत्र्या गोळा करायला गेले. खड्ड्याच्या जागेवर काही खूण नव्हती, तरी माझे पाय तिथेच थांबले. दूरवर आमच्या अंगणात तुर्सुन कपडे वाळत घालताना दिसत होती, निळ्या ओढणीत. मेरिम तिच्याभोवती पळत होती. मी एवढ्या लांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि अपांनी बजावलं होतं ते नाव माझ्या तोंडून निघून गेलं. मोठ्यानंही नाही.

"उमसुनाय एजे."

"आलीस का गं शेवटी?" पायाखालून आवाज आला. "मला वाटलं मेलीस."

मी वाळूवर बसले. आवाज तोच, जरासा घोगरा, तोंडात काही असावं तसा. मी दोन्ही हातांनी उकरायला लागले.

"थांब. आधी सांग," ती म्हणाली. "मी उभी राहिले का?"

माझे हात थांबले.

"राहिलीस," मी म्हटलं.

"चालते?"

"छपरावर चढतेस."

"आणि मेरिमला? नेलं म्हातारीनं?"

"नाही नेलं. एकटीच परत गेली."

वारा वाळू सरकवत होता. मग ती हसली, ते तिचं खास, नाकातून येणारं हसू. "म्हातारीचं तोंड बघायला पाहिजे होतं मला," ती म्हणाली.

"एजे, मी काढते तुला. आकेंना बोलावते. काहीतरी करू."

"मला काढलंस तर ती तिथे पडेल, गाढवे. आणि मी वर आले की माझे पाय पुन्हा आखडतील. मग नेईल म्हातारी पोरीला. काढू नकोस. ऐकतेस का? हात बाजूला घे."

मी हात बाजूला घेतले. मला तेवढंच जमलं. किती वेळ बसले कोण जाणे, मी तिला मेरिमचं सगळं सांगत होते. कोणते शब्द बोलते, कशावरून रुसते, नवा कोट कसा लांब होतो. ती मध्येच हूं म्हणे, मध्येच एखादी शिवी हासडे. मग हूं यायला उशीर व्हायला लागला.

"वर गारठा पडलाय का गं?" शेवटी तिनं विचारलं. "इथे कळत नाही."

"पडलाय, एजे."

"मग पोरीला मोजे घाल. लोकरीचे. तिला रात्री पावलं गार पडतात, ती सांगत नाही."

पुढे मी हाका मारल्या तरी उत्तर आलं नाही. मी वाळू सारखी केली आणि छत्र्या तिथेच टाकून घरी पळत आले. मेरिम ओसरीत बसून सुकलेले जर्दाळू खात होती. मी खाली वाकून तिचे पाय हातात घेतले.

तुर्सुननं मोजे आधीच घातले होते.